नवरीच्या नावाची जागा

मला चौकशीची खोड आहे. एसटीत बसले की शेजारणीच्या पिशवीत काय आहे, ते कोणासाठी चाललंय आणि केवढ्याला घेतलं, हे समुद्रपूर येईपर्यंत मला कळलेलं असतं. मोबाईलवर एखादं नवं ॲप घेताना खाली बारीक अक्षरात शर्तींची जी पोथी येते, ती मी खरोखर वाचते. नवरा म्हणतो, ती पोथी लिहिणाऱ्या वकिलानंतर जगात तूच वाचली असशील. म्हणू दे. ती वाचायची सवय मला फुकट लागलेली नाही. माझं स्वतःचं एक गाणं हरवल्यावर लागली.

मी हिंगणघाटला राहते आणि घरी मुलींना पेटी आणि गाणं शिकवते. मध्यंतरी स्वतः लिहिलेलं, स्वतः चाल लावलेलं एक गाणं मी रेकॉर्ड केलं. तोवर माझी समजूत अशी होती की गाणं ॲपवर टाकायचं म्हणजे लग्नातला फोटो टाकण्यासारखंच काम असणार. बटण दाबलं की झालं. तसं नसतं हे तेव्हा कळलं. गाण्यांची ती मोठमोठी ॲप आपल्यासारख्या सुट्या कलाकाराकडून गाणं हातात घेतच नाहीत. मध्ये एक वितरक लागतो. गाणं त्याच्याकडे द्यायचं, तो ते सगळ्या ॲपवर पोचवतो आणि कोणी ऐकलंच तर त्याचे पैसे गोळा करून आपल्याकडे पाठवतो. असे वितरक ढीगभर आहेत आणि प्रत्येकजण आपल्या पानावर हसतमुख पोरापोरींचे फोटो लावून बसलेला आहे. मी त्यातला वर्षाची फी घेणारा एक निवडला, कारण त्याचं पान निळं होतं आणि मला आवडलं. एवढ्या मोठ्या निर्णयाचं एवढंच कारण.

गाणं आलं. नातेवाइकांनी ऐकलं, माझ्या विद्यार्थिनींनी ऐकलं. पुढे बँकेचं कार्ड बदललं, वितरकाची वर्षाची फी कापलीच गेली नाही, आणि एका सकाळी चहा पिता पिता नवरा म्हणाला, "तुझं गाणं सापडून नाई राह्यलं." सापडणार कुठून? त्या लोकांनी ते सगळीकडून उतरवलं होतं. मी तावातावाने त्यांना लिहिलं. माझा प्रश्न साधा होता, की माझं गाणं कुठे गेलं. उत्तरात त्यांनी माझी तक्रार मोलाची असल्याचं कळवलं आणि दिवस आनंदात जावो म्हणून एक फूल पाठवलं. तो दिवस कसा गेला ते घरच्यांना विचारा.

राग गेल्यावर मात्र मला त्या प्रकाराचं कुतूहलच वाटायला लागलं. घरात गायलेलं गाणं हवेत विरून जातं हे ठाऊक होतं. पण एकदा ठेवलेलं गाणंही उतरवता येतं, आणि ते किती दिवस राहणार हे कोणाशी करार केला त्यावर ठरतं, ही माझ्यासाठी नवी गोष्ट होती. मी सगळ्यांच्या पोथ्या वाचायला घेतल्या. आणि वाचता वाचता मनात मावशी आली.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. समुद्रपूरच्या पुढे, मुख्य रस्ता सोडून आत वळलं की तिचं गाव. शेत, दोन म्हशी, पक्कं घर, अंगणात कडुनिंब. आसपासच्या सगळ्या गावांत ती मांडवाची गाणी म्हणणारी म्हणून ओळखली जाते. लग्नाच्या घरी हळदीच्या दिवशी बाया जमल्या की पहिलं गाणं मावशीचं. नवरीचं नाव, तिच्या बापाचं, भावाचं, मामाचं कौतुक त्यात ती जागच्या जागी गुंफते, आणि वराकडचे लोक आले की विहिणीची अशी काही फिरकी घेते की विहीण पदर तोंडाला लावून हसते आणि मागाहून त्याचा सूड म्हणून चिवड्यात मीठ कमी असल्याचं सांगते. माझ्या लग्नातही तिनेच म्हटलं. माझ्या सासूचा चष्मा तिने गाण्यात आणला होता, तो सासूबाई अजून विसरलेल्या नाहीत.

तिचा एक नियम होता. मांडवाच्या गाण्यात नवरीचं नाव घ्यायचं ते फक्त तिच्या मांडवात, आणि जन्मात त्या एकाच हळदीला. ज्या पोरीचं लग्न ठरलेलं नाही तिचं नाव त्यात घ्यायचं नाही, उगाच अवेळी हळद लावल्यासारखं होतं. जिची हळद उतरली तिचंही पुन्हा घ्यायचं नाही. लहानपणी मी तिच्याकडून ही गाणी शिकायला बसायचे तेव्हा नाव आलं की मावशी तिथे नुसती मान हलवायची आणि पुढच्या ओळीला लागायची. मला वाटायचं, गाण्यात एवढा खड्डा ठेवून माणसं गातात कशी?

अलीकडे तिला बोलावणं येईनासं झालं होतं. लग्नं गावातून उठून हायवेच्या लॉनवर गेली आणि हळदीलाही डीजे आला. नात्यातल्याच एका हळदीत मी तिच्या शेजारी बसले होते. तिने पहिली ओळ उचलली आणि डीजेवाल्याने साउंड तपासायला घेतला. छातीत धडधड व्हावी असा तो आवाज. मावशी ओळीच्या मधेच थांबली, कमरेची चंची सोडली आणि सुपारी कातरत बसली. मला फार वाईट वाटलं, आणि तिथेच मी ठरवलं की मावशीचं गाणं अशा जागी ठेवायचं जिथून ते कोणी बंद करू शकणार नाही.

ही जागा कोणती, एवढाच प्रश्न होता.

मी तिच्या गावी गेले तेव्हा ती अंगणात सरगुंडे करत होती. उन्हाळ्यात आमच्याकडे आमरसाबरोबर खायला हे करतात, कणकेची बारीक लांब दोरी काडीवर गुंडाळायची आणि वाळवायची. मी काड्या धरल्या आणि तिला वितरकांचं सांगायला सुरुवात केली. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मधातला माणूस कायले पाह्यजे? तूच काऊन नाई नेऊन देत?"

"ते आपल्यापासून घेत नाई, मावशी. त्याईले मधातलाच लागते."

"मंग अडत्या म्हण ना सरळ."

म्हटलं, अडत्याच. आणि मग सांगायला सोपं गेलं. आमच्याकडे कापूस विकणं घराघरात ठाऊक आहे. कोणी दारात गाडी घेऊन येतो, कोणी यार्डात नेऊन देतो, कोणाचा भाव चांगला पण चुकाऱ्याचे पैसे हातात उशिरा. तसेच हे तीन प्रकारचे, असं मी तिला सांगितलं. पहिला दरवर्षी फी घेतो, पाहिजे तेवढी गाणी ठेवा म्हणतो, कमाई सगळी आपली, पण फी चुकली की गाणी उतरवतो. दुसरा आधी काहीच मागत नाही, मात्र प्रत्येक गाण्याच्या कमाईत वाटा घेतो. तिसरा एका गाण्याचे पैसे एकदाच घेतो, वर थोडा वाटाही ठेवतो, आणि मग ते गाणं कायमचं राहील म्हणतो.

"कायमचं म्हणजे किती?" मावशीने विचारलं.

हा प्रश्न मला पडायला हवा होता. मी फोन काढला, तिसऱ्याची पोथी उघडली आणि तिथेच अंगणात वाचली. कायमचं म्हणजे कंपनी आहे तोवर, आणि दोघांपैकी कोणी करार मोडत नाही तोवर. मी तसं तिला सांगितलं.

"तुह्या मावसाजीले गिरणीत कायम केलतं," मावशी म्हणाली. "गिरणी कुठी आहे आता?"

मावसाजी खाटेवरून हसले. त्यांना त्या गिरणीचं आता दुःख राहिलेलं नाही, निदान दाखवत तरी नाहीत.

मावशीचा दुसरा प्रश्न वेगळाच होता. "माह्या फोनवर कोणी फोन लावला तं ऐकू येईन का?" म्हणजे कॉलर ट्यून. आमच्या गावांकडे बायांच्या लेखी गाणं निघालं याचा पुरावा तोच. ॲपबिप त्या उघडत नाहीत, पण कोणाला फोन लावला आणि कानात गाणं वाजलं, की दोन दिवस त्याचीच चर्चा. मी याचा विचारच केला नव्हता. मग पुन्हा सगळे वितरक तपासले. परदेशातल्या बहुतेकांना हा प्रकार माहीतही नव्हता. एकाला मी लिहून विचारलं तर त्याने मला अलार्मचा आवाज कसा बदलायचा ते कळवलं. आपल्याकडच्या काहींकडे मात्र कॉलर ट्यूनचा वेगळा रकानाच होता, आणि तीनही प्रकारात एकेक तरी असा निघाला.

शेवटी मी पुन्हा वर्षाची फी घेणाराच धरला. मावशीची पुष्कळ गाणी ठेवायची होती, एका फीत सगळी बसत होती, आणि कार्डाचं यावेळी लक्ष ठेवीन असा मला स्वतःवर विश्वास होता. मावशी म्हणाली, "तुह्या मनानं कर. मले काय समजते?" तिला बरंच समजतं, पण त्या दिवशी तिचं अर्धं लक्ष सरगुंड्यांवर घिरट्या घालणाऱ्या कावळ्याकडे होतं.

रेकॉर्डिंगला हिंगणघाटला यायचं ठरलं. लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानाच्या वर एका भाऊंचा स्टुडिओ आहे. ते लग्नांचं शूटिंग करतात आणि मधल्या वेळात गाणी रेकॉर्ड करतात. भिंतींना गाद्यांचा फोम चिकटवलेला, खिडकी बंद. मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून आली. खोली पाहून म्हणाली, "गादी भिंतीले लावली बाप्पा, मंग निजता कुठी?"

आवाज येतो म्हणून कूलर बंद करावा लागला. आमच्याकडच्या एप्रिलमध्ये कूलर बंद करणं म्हणजे काय ते आमच्याकडच्यांनाच कळेल. मी पेटीवर बसले, ढोलकीवाले आधीच आपली ढोलकी वाजवून देऊन गेले होते. मावशीच्या कानाला हेडफोन लावला. भाऊंनी काचेपलीकडून हात केला आणि मावशीने उचललं:

हिरव्या मांडवाखाली कोण पिवळी झाली
बापाची लाडकी…

आणि थांबली.

काय आवाज होता तो! डीजेच्या दिवसानंतर मी तो पहिल्यांदाच नीट ऐकत होते. वयाने त्यात थोडी खरखर आली होती, पण धार तशीच होती. आणि तो मधेच थांबला होता.

"मावशी, थांबल्या काऊन?" हेडफोनमध्ये भाऊंचा आवाज आला.

"नवरी कोण आहे?"

"नवरी नाई ना मावशी, रेकॉर्डिंग आहे हे."

"मंग नाव कोणाचं घेऊ?"

"कोणाचंबी घ्या. माह्या पोरीचं घ्या."

"केवढी आहे?"

"तिसरीत आहे."

मावशीने हेडफोनच काढून ठेवला. "तिसरीतल्या पोरीले हळद लावतं का रे भाऊ?" भाऊ बिचारे कानाला हात लावून हसले आणि चहा सांगितला.

इतके दिवस मी करार वाचत होते, वाटे आणि फी समजून घेत होते, आणि या खड्ड्याचा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. मांडवात हे गाणं दर वेळी नवं असतं. ज्या पोरीचा मांडव तिचं नाव तिथे बसतं आणि गाणं पुरं होतं. रेकॉर्डिंग एकदाच होतं. आणि एकदा वितरकाकडे गेलेल्या गाण्यातला शब्द नंतर बदलता येत नाही. बदलायचाच तर गाणं उतरवून नव्याने द्यायचं, हेही मी पोथीतच वाचलं होतं. म्हणजे तिथे जे नाव बसेल ते बसलंच.

मी सुचवत गेले. माझं नाव घे म्हटलं. "तुहं झालं. मीच म्हटलं होतं, भुलली का?" सिनेमातल्या कोणा नटीचं घे म्हटलं, तर तिच्या आयुष्यात आपण कायले पडाव म्हणाली. मग नावाच्या जागी नुसतं 'नवरी' म्हणून पाहू, असं ठरलं. तिने माझ्या समाधानासाठी म्हणून पाहिलं. बापाची लाडकी नवरी पिवळी झाली. सुरात होतं, तालात होतं. पण ऐकवल्यावर तिचं तोंड कडू झालं. "हे तं कोणाचंच नाई," ती म्हणाली. आणि ते खरं होतं. पहिली ओळ विचारते की कोण, आणि दुसरी ओळ काही सांगतच नाही.

मी हिरमुसले. आता हे गाणं व्हायचं नाही, विहिणीचं तेवढं करून घरी जावं, असं मला वाटायला लागलं. विहिणीच्या गाण्याला नाव लागत नव्हतं, चष्मा पुरेसा होता. पण मला हेच गाणं हवं होतं, कारण हळदीच्या दिवशी मधेच थांबलेली ओळ हीच होती.

चहा आला. घामाने आम्ही तिघेही निथळत होतो, तरी तो गरम चहा प्यालो. भाऊंना गप्प बसवत नाही. त्यांनी सहज विचारलं, "मावशी, तुमच्या लग्नात कोणं म्हटलं होतं हे?"

"कोणंच नाई."

"काऊन?"

"बाबा गेलते ना. मांडव पडाच्या आधीच गेले. वर्षाच्या आत करा लागते, नाई तं तीन वर्षं थांबा लागते, म्हणून उरकलं. रडतं घर होतं ते. रडत्या घरी कोणी गाणं म्हणते का?" तिने बशी खाली ठेवली. "हळद लावली, उठली, गेली सासरी."

माझे आजोबा गेले त्याच उन्हाळ्यात मावशीचं लग्न झालं, हे मी आई होती तेव्हा तिच्या तोंडून कितीदा तरी ऐकलं होतं. पण त्या मांडवात गाणी झाली का, हे मी कधी विचारलं नव्हतं. एसटीतल्या अनोळखी बाईच्या पिशवीत काय आहे ते विचारणारी मी. गावोगावच्या पोरींची नावं मांडवात घेत फिरलेली ही बाई स्वतः मुकाट पिवळी झाली होती, आणि मला ते या गाद्यांच्या खोलीत भाऊंच्या रिकाम्या बोलण्यातून कळत होतं. मी पेटीचा भाता उगाच उघडझाप करत बसले.

मावशी काहीतरी हिशोब करत असल्यासारखी काचेकडे पाहत होती. मग म्हणाली, "माहं राह्यलंच आहे मंग."

"काय?"

"नाव. माहं कोणं घेतलंच नाई. मंग मले घेता येते." नियमाला धरून आहे की नाही हे तिने पुन्हा एकदा मनाशी तपासलं असावं, कारण थोडं थांबून ती स्वतःशीच म्हणाली, "येते."

हेडफोन तिने स्वतःच कानाला लावला. पदर नीट केला. भाऊंनी हात केला.

हिरव्या मांडवाखाली कोण पिवळी झाली. बापाची लाडकी, आणि मग तिने आपलं नाव घेतलं. सासरचं नाही. लग्नात बदललेलं नावही नाही. माहेरचं, आजोबांनी ठेवलेलं, जे आता हाक मारायला कोणी उरलेलं नाही, ते. आईचं कौतुक झालं, भावाचं झालं, मामाचं झालं, आणि प्रत्येक कडव्याला ते नाव परत परत आलं. तिचा आवाज कुठे कापला नाही. मी मात्र पेटीवर दोनदा चुकले. भाऊ म्हणाले, ताई, पुन्हा घेऊ का? मी नको म्हटलं. ऐकणाऱ्याने कान दिला तर माझ्या त्या चुका आजही ऐकू येतात.

विहिणीचं गाणंही त्याच दिवशी झालं, बाकीची पुढे कधी करायची ठरली. मावशीला गाडीत बसवून घरी आले आणि आधी वितरक बदलला. वर्षाच्या फीवाल्याकडे हे गाणं ठेवणं मला शक्यच नव्हतं. माझं कार्ड बदलेल, मी विसरेन, माझ्यामागे कोण भरणार? तिचं नाव एकदा रडारडीत राहून गेलं होतं. ते पुन्हा कोणाच्या न भरलेल्या फीपायी उतरायला नको होतं. कमाईत वाटा घेणाऱ्याच्या पोथीत एक कलम होतं, बराच काळ कोणी न ऐकलेली गाणी काढून टाकण्याचा हक्क आम्ही राखून ठेवतो. तोही बाद झाला. राहिला एकदाच घेणारा. त्याचं 'कायमचं' किती हे मला आणि मावशीला दोघींनाही माहीत होतं. पण त्यातल्या त्यात लांब तेच होतं.

त्याचे रकाने भरताना पुन्हा गंमत. भाषेत मराठी होती, आमची बोली नव्हती. प्रकारात भक्तिगीत होतं, लोकगीत होतं, झोप येण्यासाठीचं संगीतही होतं, मांडवाचं नव्हतं. गाण्यात आक्षेपार्ह काही आहे का, असा प्रश्न विहिणीच्या गाण्याला आला तेव्हा मी सासूबाईंना आठवून क्षणभर थबकले आणि मग नाही म्हटलं. गीतकार कोण, हे विचारायला मावशीला फोन केला. "माह्या चुलत सासूचं आहे, तिनं तिच्या मायपासून घेतलं, अर्धं मी बदललं," ती म्हणाली. ते मी 'पारंपरिक' असं लिहिलं. कलाकाराच्या नावाखाली मात्र मी तिला विचारलंच नाही. जे नाव गाण्यात होतं तेच तिथे लिहिलं.

शेवटचा रकाना कॉलर ट्यूनचा. गाण्याचा कोणता तुकडा वाजवायचा ते त्यात सांगायचं असतं. लोक मुखडा देतात. मी गाणं पुन्हा पुन्हा ऐकून जागा शोधली, समोरच्याने फोन पटकन उचलला तरी नाव आधी कानावर पडेल अशी.

गाणं कधी बाहेर आणायचं, यासाठी वितरकाने शुक्रवार सुचवला होता. साऱ्या जगात नवी गाणी शुक्रवारी येतात म्हणे. मावशीने ऐकून घेतलं आणि संकष्टी कधी आहे ते विचारलं. मग ॲपवर गाण्यासोबत दिसणारं मुखपृष्ठाचं चित्र, तिचा चौकोनी फोटो, मला त्या पत्रिकेच्या दुकानातून छापून आणायला लावला. आमच्याकडे लग्नाची पहिली पत्रिका देवाला ठेवतात. आम्ही दोघी एसटीने केळझरला गेलो आणि तिने तो फोटो गणपतीपुढे ठेवला. पुजाऱ्याने विचारलं, "कोणाचं लग्न आहे, बाई?" मावशी म्हणाली, "घरचंच आहे."

गाणं आल्यावर मी तिच्या गावी गेले. मावसाजींनी ॲपवर ऐकलं, शेजारणींनी ऐकलं, मान डोलावली. मावशीला त्यात फार रस दिसला नाही. तिने आपल्या फोनला ट्यून लावून घेतली आणि मग तिच्या लक्षात आलं की आपल्या फोनची ट्यून आपल्याला ऐकूच येत नाही, फोन लावणाऱ्याला येते. "हे कसं व?" म्हणत तिने माझ्या हातातून माझा फोन घेतला आणि त्यावरून स्वतःचाच नंबर लावला.

तिचा फोन खाटेवर वाजायला लागला. माझा फोन कानाला लावून ती कडुनिंबाखाली उभी. मावसाजी सवयीने खाटेवरचा फोन उचलायला वाकले.

"उचलू नका," मावशी म्हणाली. "आता माहं नाव येऊन राह्यलं."